कोविडच्या वर्षांत कॉलेजात आलेली मुलं खरंच 'बोलत नाहीत' का?

खडू_फळा :

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. २०२० आणि २०२१ ला एफवायला (पदवीच्या पहिल्या वर्षाला) आलेली मुलं पदव्या घेऊन बाहेरसुद्धा पडली, पण स्टाफरूममधलं त्यांच्याविषयीचं मत अजून तेच आहे. "ती पोरं तोंड उघडत नसत, कशातच रस नव्हता त्यांना." मागाहून आलेल्यांनाही आता तोच शिक्का बसतो. मला हे अन्यायाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी त्यांच्या वाट्याला काय आलं ते बघा. मार्च २०२० च्या मध्यावर कॉलेजं बंद झाली. त्या वर्षीचे एफवायचे वर्ग भरले तेच मुळी पावसाळा उलटल्यावर, तेही मोबाइलवर. २०२१ च्या फेब्रुवारीत निम्म्या उपस्थितीने दारं किलकिली झाली आणि दुसऱ्या लाटेने परत लागली. २० ऑक्टोबर २०२१ ला दोन्ही डोस घेतलेल्यांसाठी उघडली, जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा कुलूप, फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा सुरू. म्हणजे २०२० चा मुलगा वर्गात धड बसायला लागला तो एसवायच्या अखेरीस. टीवायला गेला तेव्हा कॉलेजात सगळ्यात मोठा तोच होता, आणि त्याला स्वतःला मात्र सीनियर म्हणून धड कुणी लाभलंच नव्हतं.

माझ्या मते गोम इथे आहे. अभ्यासक्रम बुडाला तो आम्ही जादा तास घेऊन बराचसा भरून काढला. पण कॉलेजात बोलायला आणि टिकून राहायला मुलं प्राध्यापकांकडून शिकतच नाहीत. ती शिकतात एक वर्ष पुढे असलेल्यांकडून. जर्नल कुणाकडून आणि कधी तपासून घ्यायचं, एचओडींच्या केबिनमध्ये काय बोलून शिरायचं, ऑफिसातल्या कुठल्या खिडकीशी गोड बोलावं लागतं, केटी लागली (विषय राहिला) तर जग बुडत नाही, हे सगळं कँटीनमध्ये, एसटीच्या मागच्या सीटवर, गॅदरिंगच्या तालमीत कानावर पडतं. ही साखळी दोन वर्षं तुटली.

याचं एक उदाहरण सांगतो. कॉलेज नियमित सुरू झाल्यावरची गोष्ट. स्टाफरूमच्या उघड्या दारात एक मुलगी उभी होती आणि टेबलावरचा माझा फोन वाजला. मेसेज तिचाच : "सर, आत येऊ का?" मी मान वर केली तर ती फोनकडे बघत माझ्या उत्तराची वाट पाहत होती. त्याच मुलीची नंतर प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (त्याने मोजता येणारं सगळ्यात लहान माप) विचारला. ओठ हलले, पण आवाज फुटेना. बाहेरून आलेले परीक्षक शून्य टाकायच्या बेतात होते. मी तिच्यासमोर कोरा कागद सरकवला. तिने सूत्र, आकृती, उत्तर सगळं सुबक लिहून दिलं. तिला येत सगळं होतं. समोर बसलेल्या दोन माणसांना तोंडाने उत्तर द्यायचं, हेच तिने दीड वर्षात कधी केलं नव्हतं.

अशा मुलीला 'रस नाही' कसं म्हणायचं? तुमचे अनुभव ऐकायचे आहेत, विशेषतः जे तेव्हा विद्यार्थी होते त्यांचे.

दर्याकाठ :

सर, मी २०१९ ला इंजिनीअरिंगला आलो. गाव दापोली तालुक्यात, कॉलेज पुण्यात. लॉकडाऊन लागला म्हणून घरी आलो आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती आणि टॉवरही बंद. त्या काळात ग्रुपवर काय सूचना आल्या ते मला कळायला मार्गच नव्हता. पुढे लेक्चर सुरू झाल्यावर सड्यावर जाऊन बसायचो. पावसात छत्री एका हातात, फोन दुसऱ्या हातात, वही कुठे धरणार?

मशीन शॉपचं प्रॅक्टिकल आम्ही व्हिडिओवर 'केलं'. लेथवर जॉब फिरताना पाहिला आणि रीडिंग पाठवलेल्या पीडीएफमधून उतरवली. चिपचा वास, हात काळे होणं, जॉब फुकट गेला म्हणून इन्स्ट्रक्टरच्या शिव्या खाणं, काहीच नाही. मग कशासाठी मेकॅनिकल घेतलं हेच मला आठवेना. उत्साह जातो म्हणजे काय होतं ते मी पाहिलंय. एका दिवसात जात नाही तो. आधी कॅमेरा बंद, मग माइक बंद, मग लॉगिन करून झोपायचं, मग हजेरीचा फॉर्म मित्राने भरायचा. यातल्या एकाही पायरीवर कुणी विचारलं नाही की बाबा रे, काय झालं?

मधली_सुट्टी :

लेख आवडला, पण पूर्ण सहमत नाही. जिओ आलं २०१६ च्या सप्टेंबरात. तेव्हापासूनच कट्ट्यावर बसलेल्या चौघांच्या चार माना खाली असतात. माझी पुतणी कोविडच्या आधी कॉलेजला होती, तीही पिझ्झा मागवायला फोन करायचा तर घाबरायची. सगळं खापर टाळेबंदीवर फोडलं की मोबाइल सुटतो आणि घरात न बोलणारे आपणही सुटतो.

खडू_फळा :

@मधली_सुट्टी, मोबाइलचा मुद्दा मान्य. पण २०१८-१९ ची मुलंही माना खाली घालूनच बसत, आणि गॅदरिंग आलं की तीच मुलं मांडववाल्याशी दरावरून भांडून येत, पाहुण्यांना स्टेशनवरून आणत, ऐनवेळी माइक बंद पडला तर निवेदन ओढून नेत. फोन हातात असूनही त्यांना बोलायला भाग पाडणारे प्रसंग होते. २०२० नंतर फोन राहिला आणि प्रसंग गेले.

मोगरा_दारी :

मी मुंबईत टीवायबीकॉमला होते, २०२० च्या बॅचची. माझ्यासारख्यांवर परीक्षेच्या अनिश्चिततेचा परिणाम जास्त झाला असं मला वाटतं. राज्य सरकार म्हणत होतं परीक्षा नाही. ६ जुलैला यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) म्हणाली सप्टेंबरअखेर घ्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल आला की अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, मुदत हवी तर वाढवून मागा. मार्च ते ऑगस्ट आम्ही पुस्तक उघडायचं की मिटायचं हे ठरवू शकत नव्हतो. रोज सकाळी बातम्या बघायच्या आणि रोज वेगळी बातमी. अभ्यास करण्याची सवय या सहा महिन्यांत मोडली, ती माझी सीएच्या वेळी फार कष्टाने परत आली.

कॅमेऱ्याबद्दलही सांगते, कारण सगळे शिक्षक त्यावरून रागावायचे. आमची चाळीतली एकच खोली. बाबांची नोकरी सुटलेली, ते पलंगावर. मागे आई कुकर लावतेय, धाकटा भाऊ त्याच्या शाळेचं ऐकतोय. आजीला पाठीमागे पडदा लावून अंघोळ घालावी लागायची. कॅमेरा सुरू करून मी काय दाखवणार होते? "उत्तर दे" म्हटलं तर माइक सुरू केल्याबरोबर आधी कुकरची शिट्टी वर्गभर ऐकू जाणार. मला सगळं येत होतं. मी लिहून पाठवायचे. हळूहळू लिहिणंच सोपं वाटायला लागलं.

सातपुडा_पायथा :

शहरातल्या लोकांना ही चर्चा 'ऑनलाइन शिकून काय बिघडलं' अशी वाटते. आमच्याकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर शिक्षण ऑनलाइन गेलं म्हणजे गेलंच. महामारीच्या आधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या जेमतेम २४ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक साधारण ११ टक्के घरांत. ग्रामीण भागात इंटरनेट १५ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे सरकारचेच आणि तेव्हा सगळ्यांच्या समोर होते. तरी रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं की 'शिकवून झालं' असं धरलं गेलं.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती म्हणजे 'कमवा आणि शिका'. आमच्यासारखी कितीतरी मुलं विद्यापीठात बागेत, ग्रंथालयात, ऑफिसात तास भरून मेसचे पैसे काढायची. वसतिगृह बंद, मेस बंद, काम बंद. गावी आल्यावर घरचे म्हणणारच, बसून काय करतोस, चल शेतावर. माझ्या बरोबरचे दोघे गुजरातेत ऊसतोडीला गेले, एक जण सुरतेला कारखान्यात. त्यातला एकच परत आला. मुलींची लग्नं उरकली. त्यांना मोटिव्हेशन नव्हतं असं म्हणण्याआधी ते कुठल्या बिगारीवर उभे होते ते विचारा.

मी परत आलो ते एका सरांमुळे. ते ग्रुपवर लिहीत नसत, फोन करत. आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटं. "जेवलास का, वाचतोयस का?" एवढंच.

निळी_शाई :

पुण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत नवीन भरती झालेल्यांचं प्रशिक्षण माझ्याकडे असतं. २०२२ आणि २०२३ ला आलेल्या मुलांबद्दल जे दिसलं ते लिहिते.

कामाची अक्कल कमी नव्हती. उलट गूगलवरून, यूट्यूबवरून स्वतः शोधून शिकण्यात ती आधीच्यांपेक्षा चपळ. अडायची ती अगदी साध्या ठिकाणी. काम अडलं की चार फुटांवर बसलेल्या माणसाला विचारायचं नाही, दिवसभर तसंच बसायचं. विचारलं तर मोठाच्या मोठा मेसेज लिहून, तीनदा खोडून पाठवायचा. मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलू लागले की दोघंही कायमचे गप्प. बोलताना कुठे थांबायचं, दुसऱ्याचं वाक्य संपतंय हे कसं ओळखायचं, हे समोरासमोर बसल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. गूगल मीटवर तर आवाज अर्ध्या सेकंदाने पोचतो, तिथे हा अंदाज येणार कसा?

आणि शिक्का. जुलै २०२० मध्ये आपल्याकडे कृषी पदवीच्या काही गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असा शेरा छापला गेला, ओरड झाल्यावर कृषिमंत्र्यांनी कारवाईचे आदेश दिले. पुढच्या वर्षी मदुराईत एका बँकेच्या जाहिरातीत '२०२१ उत्तीर्णांनी अर्ज करू नये' असं आलं, बँकेने नंतर ती छपाईची चूक असल्याचं सांगितलं. पण मुलांच्या मनात जे बसायचं ते बसलं. माझ्यासमोर मुलाखतीला बसलेल्या एका मुलाने नाव सांगायच्या आधी सांगितलं, "मॅडम, मी कोविड बॅचचा आहे, पण माझे मार्क खरे आहेत." ९ च्या वर सीजीपीए असलेला मुलगा आपल्याच मार्कांची साक्ष काढतोय. पन्नास एमसीक्यूंची परीक्षा घरी बसून दिली, ग्रुपवर उत्तरं फिरली, हे त्याला माहीत होतं. त्याने स्वतः प्रामाणिकपणे दिली असेल, तरी ते सिद्ध करायचा मार्ग त्याला कुणी ठेवला नाही. मेहनत केली काय आणि नाही केली काय, निकाल सारखाच लागतो, हे एकदा शिकलं की पुढे जीव तोडून कोण काम करेल?

कोरी_पाटी :

वेगळा अनुभव सांगतो, राग मानू नये. मी बोलताना अडखळतो, लहानपणापासून. कोविडची दोन वर्षं माझ्यासाठी शिक्षणाची सर्वांत चांगली वर्षं होती. चॅटमध्ये मी पहिल्यांदा शंका विचारल्या. सरांनी नाव घेऊन "छान प्रश्न" म्हटलं. वर्गात बारा वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. कॉलेज सुरू झाल्यावर सगळे म्हणत होते 'आता पूर्ववत होणार', आणि माझ्या पोटात गोळा. पूर्ववत म्हणजे माझ्यासाठी परत मागचा बाक. तोंडी बोलण्याचा सराव द्याच, पण लिहून विचारायचं दार बंद करू नका.

खडू_फळा :

@कोरी_पाटी, राग कसला. हा मुद्दा माझ्या लेखात यायलाच हवा इतका महत्त्वाचा आहे. माझ्या वर्गाचा शंकांचा ग्रुप तेव्हापासून सुरू आहे तो असाच राहील.

तिसरी_घंटा :

साखळी तुटली हे नाटकवाल्यांनी तर डोळ्यांनी पाहिलं. २०२२ च्या सप्टेंबरात पुरुषोत्तम करंडक या पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही म्हणून तो कुणालाच दिला नाही. एवढ्या वर्षांच्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच घडलं. केवढं वादंग झालं तेव्हा! परीक्षकांचं बरोबर की चूक यात मी जात नाही. त्या निकालाला कोविडच जबाबदार असंही म्हणणार नाही.

पण तालमीच्या खोलीत काय होतं ते सांगतो. कॉलेजच्या एकांकिकेचा संघ म्हणजे टीवायचा दिग्दर्शक, एसवायचे नट, आणि एफवायचं पोर चहा आणतं, लेव्हल्स (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) उचलतं, प्रॉम्प्टिंग करतं. पुढच्या वर्षी तेच पोर छोट्या भूमिकेत, त्याच्या पुढच्या वर्षी मुख्य. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा फेकायचा, ब्लॅकआउटमध्ये लेव्हल कशी हलवायची, हे कुठल्या पुस्तकातून येत नाही. २०२२ ला आमच्या कॉलेजात तालमी सुरू झाल्या तेव्हा खोलीत असलेल्यांपैकी कुणी आधीची तालीम पाहिलीच नव्हती. आम्ही जुने लोक नोकऱ्या सांभाळून संध्याकाळी जाऊन बसायला लागलो. पहिले कित्येक दिवस मुलं एकमेकांच्या डोळ्यांत बघून संवाद म्हणू शकत नव्हती. नजर आपोआप खाली. त्यांना हसू यायचं, मग रडूही यायचं. दिग्दर्शकाने संहिता बाजूला ठेवली आणि नुसतं समोरासमोर बसवून एकमेकांना दिवसभरात काय झालं ते सांगायला लावलं. नाटक त्यानंतर उभं राहिलं.

मनमोकळं :

मी समुपदेशक आहे, कॉलेजांमध्येही जाते. @दर्याकाठ यांनी ज्या पायऱ्या लिहिल्या आहेत त्यामागचं कारण असं की भीती वाटणारी गोष्ट टाळली की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि म्हणून पुढच्या वेळी टाळायची ओढ वाढते. जितकं टाळाल तितकी भीती मोठी. ऑनलाइन वर्गात टाळणं एका बटणावर आलं होतं. वर्गात मान खाली घातली तरी शेजारचा कोपराने ढोसतो, सर नाव घेतात. थोडंसं का होईना, तोंड द्यावंच लागतं आणि त्यातूनच धीर चेपतो.

उपाय उलट्या दिशेने, छोट्या पायऱ्यांनी. आधी जोडीदाराला सांगणं, मग चौघांत, मग फळ्याजवळ. एकदम व्यासपीठावर ढकललं तर मूल आणखी मिटतं. आणि ज्यांची झोप गेली आहे, खाणं सुटलं आहे, जगणं नको वाटतं, त्यांच्यासाठी हे पुरेसं नाही. टेलिमानसची सरकारी मदतवाहिनी १४४१६ आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक वर्गाच्या दारावर लावा.

टेम्सपल्याड :

मी २०२० ला लीड्सला मास्टर्ससाठी आले होते. इथेही काही वेगळं नव्हतं. खोलीत बसून लेक्चर, किचनमध्येसुद्धा आळीपाळीने जायचं. त्या नोव्हेंबरात मँचेस्टरला फॅलोफिल्डच्या विद्यार्थी वसतिगृहांभोवती रातोरात कुंपणं घातली, ती मुलांनीच उखडली. आम्ही चार मराठी मुली रविवारी व्हिडिओ कॉल लावून एकत्र पिठलं करायचो, प्रत्येकीची शेगडी वेगळी. प्रबंध पूर्ण झाला तो या कॉलमुळे, कारण दर रविवारी "किती पानं झाली?" हा प्रश्न यायचा. धागाकर्त्यांची साखळी मला पटते. फक्त ती समोरासमोरच हवी असं नाही, ठरलेल्या वेळी विचारणारं कुणीतरी हवं.

अर्धवेळ_मास्तर :

सगळं वाचलं. आता थोडं कडू लिहितो. विचारणारं कुणीतरी हवं, बरोबर. पण ते कोण? माझ्यासारखे कितीतरी जण तासिका तत्त्वावर शिकवतात. घेतलेल्या तासाचे पैसे, तेही महिनोन् महिने थकून. तास संपला की दुसऱ्या कॉलेजची एसटी पकडायची. मुलगा दारात घुटमळताना दिसतो, मला कळतं त्याला बोलायचंय, आणि माझी गाडी सुटायची वेळ झालेली असते. पूर्णवेळ जागा रिकाम्या ठेवायच्या आणि मुलं बोलत नाहीत म्हणून तक्रार करायची, हे चालणार नाही.

खडू_फळा :

@अर्धवेळ_मास्तर, तुम्ही लिहिलंत ते खरं दुखणं आहे. आमच्या विभागात मंजूर जागांपैकी निम्म्याच भरलेल्या आहेत.

त्यामुळे आम्ही जे करतोय ते शिक्षकांवर न टाकता मुलांवरच टाकलंय. दर एसवायच्या मुलाकडे एफवायची तीन मुलं. पहिल्या दोन आठवड्यांतली प्रॅक्टिकल एसवायची मुलं शिकवतात, मी मागे उभा. व्हर्नियर त्यांनीच द्यायचा, चुका त्यांनीच काढायच्या. शिकवणाऱ्याला बोलावंच लागतं आणि शिकणाऱ्याला आपल्याच वयाच्या माणसाला विचारायला लाज वाटत नाही. नवीन शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आले आहेत, त्याचाही उपयोग करून घेतो. मुलं बाजार समितीत जाऊन वजनकाट्यांची तपासणी कशी होते ते हमाल-मापाडींना विचारून येतात. अट एकच, माहिती नेटवरून नाही, तोंडाने विचारून आणायची. पहिल्या खेपेला निम्मे जण विचारल्याशिवाय परत आले, त्यांना पुन्हा पाठवलं, या वेळी जोडीने.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. सेमिस्टरमध्ये प्रवेश लांबतात, एफवायची मुलं येईपर्यंत एसवायच्या अंतर्गत परीक्षा लागतात आणि जोड्या जमत नाहीत. कुणाच्या कॉलेजात हे जमवलं असेल तर वेळापत्रक कसं बसवलं ते इथे लिहा. @तिसरी_घंटा, तुमच्या जुन्या लोकांपैकी कुणी आमच्याकडे एक शनिवार येऊ शकेल का? समोरासमोर बसवून दिवस सांगायला लावण्याचा प्रयोग मला प्रयोगशाळेत करून बघायचाय.

तिसरी_घंटा :

येतो की. दोघं जण येऊ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, तारीख कळवा. खोली रिकामी हवी, बाक भिंतीला लावून ठेवा.